डिकीचे परिमाण



'उपासकदशांग' या आगमात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे येतात. त्यांतील पहिला वाणिज्यग्रामचा आनंद. कोट्यवधी सुवर्णमुद्रांची संपत्ती, त्यांतील एक हिस्सा निधानात, एक व्यापारात आणि एक घरसंसारात. शिवाय गोधन, शेती आणि जहाजे. अशा या श्रीमंत गृहस्थाने भगवंतांसमोर परिग्रहाचे परिमाण घेतले, तेव्हा वाहनांचीही संख्या ठरवली. लांबच्या प्रवासासाठी पाचशे गाड्या आणि मालाची ने-आण करण्यासाठी पाचशे गाड्या, त्याहून अधिक नाही. एवढ्यावरच तो थांबला नाही. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातण कशाचे, नेसण्याची वस्त्रे किती, हेही त्याने निश्चित केले.

आयुष्याची बरीच वर्षे कर्जप्रस्ताव तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला या यादीचे विशेष वाटते. ज्याच्या दारात हजार गाड्या उभ्या राहू शकतात, त्याला अंगपुसण्याचा विचार करण्याचे कारण काय? जागेची टंचाई हे कारण नव्हते. मर्यादा त्याने आधी ठरवली आणि वस्तू नंतर मोजल्या. आपण बहुधा उलट करतो. वस्तू आधी जमवतो आणि मग त्या ठेवायला जागा शोधतो. याचा प्रत्यय घेण्यासाठी सुटीच्या आदल्या रात्री कोणत्याही घराच्या अंगणात उभे राहावे. मोटारीची डिकी उघडी असते, भोवती पिशव्यांचा ढीग असतो आणि घरातील प्रत्येक जण दुसऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवत असतो.

या वेळी असा एक प्रसंग प्रत्यक्ष आकडेमोडीसह मांडण्याचा विचार आहे. माझी कन्या, जावई आणि त्यांची दोन मुले इंग्लंडमधील लेस्टर शहरी राहतात. जैन समाजाला हे शहर परके नाही. तेथील जैन सेंटरची प्रतिष्ठा १९८८ साली झाली. श्वेतांबर व दिगंबर मूर्ती आणि स्थानकवासी उपाश्रय या सर्वांना एकाच छताखाली जागा देणारी ती वास्तू आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, शाळांना आठवड्याची सुटी होती तेव्हा आम्ही उभयता तेथे होतो. मुलांना चार दिवस आणि तीन रात्री तंबूत राहायचे होते. ठिकाण होते पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. लेस्टरहून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. प्रश्न फक्त गाडीचा होता. जावयांकडे मिनी कन्व्हर्टिबल आहे, म्हणजे उघडणाऱ्या छताची लहान मोटार. तिच्यात चार माणसे बसतात. सामानाचे काय, हा प्रश्न घरात आठवडाभर चर्चेत होता आणि त्याचा हिशेब माझ्याकडे सोपवण्यात आला.

आधी या गाडीची रचना समजून घ्यावी लागते. तिचे छत कापडी असते. बटण दाबले की ते घडी होत मागे सरकते आणि डिकीच्या वरच्या भागात आपली जागा घेते. त्यासाठी डिकीत एक आडवा पडदा असतो. तो खाली ओढलेला असेल तरच छत हलते, कारण छताची जागा सामानाने व्यापली नाही याची ती खूण आहे. म्हणून अशा गाडीला डिकीची दोन मापे असतात. छत बंद असताना या गाडीची डिकी २१५ लिटरची आणि छत उघडल्यावर १६० लिटरची असते. फरक ५५ लिटरचा. कापडी छतावर सामानाचे कॅरिअर बसत नाही, म्हणून वर काही लादण्याचा मार्गही बंद.

त्या ५५ लिटरवरच सारा वाद होता. छत बंद ठेवून २१५ लिटर भरले, तर चारही दिवस छत उघडता येणार नाही. आणि मुलांना तर डोंगरांतून उघड्या गाडीतून जायचे होते. ५५ लिटर सामान घ्यायचे की डोक्यावरचे आकाश, असा तो सरळ व्यवहार होता. मुलांनी आकाश मागितले आणि ते मला रास्त वाटले. मर्यादा १६० लिटरची ठरली.

आता 'लिटर' या मापाविषयी दोन शब्द. एक लिटर म्हणजे एक हजार घनसेंटिमीटर. मोटार उत्पादक डिकी मोजताना २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच अशा एक लिटरच्या ठोकळ्यांनी ती भरतात आणि ठोकळे मोजतात. ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यांत नीट बसतात, पण आपल्या पिशव्या ठोकळे नसतात. गोल गुंडाळीच्या चारी बाजूंनी पोकळी राहते. त्यामुळे जाहिरातीतील १६० लिटर हे व्यवहारात कधीही १६० लिटर नसतात.

व्यापारी वाचकांना हे समजावण्याची गरज नाही. दुकानात शंभर रुपयांचा माल असला तरी बँक कॅश क्रेडिटवर शंभर रुपये उचलू देत नाही. पंचवीस टक्के मार्जिन ठेवते आणि ड्रॉइंग पॉवर पंचाहत्तर रुपये धरते. तोच नियम मी डिकीला लावला. १६० लिटरवर पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे हाती १२० लिटर. मागच्या आसनावरील मुलांचे पाय अजून तळापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्यांच्या पायांपाशी मऊ सामानासाठी प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ३० लिटर मिळाले. एकूण मर्यादा १५० लिटर.

त्यानंतर घरच्यांनी केलेली पहिली यादी मोजली. मोजपट्टी घेऊन प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी व उंची लिहिली. चार माणसांचा तंबू २३ लिटर, चार स्लीपिंग बॅगा ४५, हवा भरून वापरायच्या चार पातळ गाद्या ९, शेगडी, गॅसचा डबा व भांडी १२, खाद्यपदार्थ ३०, कपडे ४०, दिवा, घडीचा पाण्याचा कॅन, औषधे वगैरे १०, रेनकोट ८, जादा बूट २४, आणि सामायिकाची आसने व पुस्तके ६. येथवर २०७ लिटर झाले. त्यापुढे घडीच्या चार खुर्च्या ८०, घडीचे टेबल ३०, बर्फाची पेटी ३० आणि चार उशा ४०. एकूण ३८७ लिटर! दीडशेच्या मर्यादेवर पावणेचारशेहून अधिक मागणी. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो वरच्या कार्यालयाकडे पाठवलाही नसता.

येथे घरात दोन पक्ष पडले. जावयांचे मत असे की, मोठी गाडी हप्त्यांवर घेऊन टाकावी, म्हणजे दरवर्षीचा हा त्रास संपेल. आजचे प्रत्येक कुटुंब या वळणावर कधी ना कधी येते, म्हणून त्याचा विचार करू. वर्षातील ३६५ दिवसांपैकी मोठ्या डिकीची गरज चार दिवस पडणार. उरलेले ३६१ दिवस तीच मोठी गाडी इंधन, विमा, कर आणि उभी करण्याची जागा मागणार आणि हप्ता तर दर महिन्याला येणार. दिवाळीच्या आठवड्यात गर्दी होते म्हणून कोणी दुकानदार बारा महिन्यांसाठी दुप्पट गाळा घेत नाही. तो त्या आठवड्यापुरता मांडव घालतो. फारच अडले तर तंबू उभारून भाड्याने देणारी ठिकाणेही त्या देशात आहेत. जावई स्वतः हिशेबी आहेत, त्यांना हे पटले. मग गाडी तीच राहिली आणि यादीला हात लागला.

श्वेतांबर परंपरेतील अनेक श्रावक रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यांतील द्रव्य, उपानह, वस्त्र, वाहन, शयन, विलेपन आणि स्नान हे नियम पाहिले, तर ते प्रवासाच्या सामानाचे रकानेच आहेत. किती पदार्थ खाणार, किती जोडे, किती वस्त्रे, कोणते अंथरूण. दिगंबर परंपरेतील भोगोपभोग परिमाणाचा आशयही तोच आहे. माझ्या सौभाग्यवतींनी नातवंडांना कागदावर हे रकाने आखून दिले आणि त्यांच्याकडूनच ते भरून घेतले.

शयनापासून सुरुवात झाली. उशा गेल्या, रिकाम्या अभ्र्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे भरले की उशी होते. स्लीपिंग बॅगांचा प्रश्न मात्र वेगळा होता. बाजारात सर्वांत कमी जागा घेणाऱ्या बॅगा पक्ष्यांच्या मऊ पिसांच्या असतात. बदक आणि हंस यांची पिसे. ती पिसे कशी मिळतात याचा विचार केला की जैन घरात ती वस्तू येऊ शकत नाही. कृत्रिम धाग्याच्या बॅगा अधिक जागा घेतात. म्हणजे येथे अहिंसेची किंमत रुपयांत किंवा पौंडांत नव्हे, तर लिटरांत मोजावी लागते. ती किंमत आनंदाने दिली. पट्ट्यांनी आवळता येणाऱ्या पिशव्यांत घातल्यावर ४५ लिटरचे ३२ झाले.

खुर्च्या आणि टेबल गेले. जमिनीवर मांडी घालून बसणे आपल्या घरांत अजून शिल्लक आहे. सामायिकाची आसने 'जागा उरली तर' या गटात टाकण्याचा विचार जावयांच्या मनात होता. खुर्च्या गेल्यावर तीच आसने सर्वांना बसायला कामी येणार, हे त्यांच्या लक्षात आले आणि आसने पहिल्या गटात आली. उपानहाच्या रकान्यात पायांतील एक जोडा आणि प्रत्येकी एक पातळ चप्पल. २४ लिटरचे ६ झाले.

द्रव्याच्या रकान्यात चर्चा रंगली. तेथील दुकानांतील तयार पदार्थांत कांदा, लसूण, बटाटा यांचा सुकाळ आणि अंड्याचा अंश कुठे असेल याची खात्री नाही, म्हणून आपले अन्न नेणे भागच. सौभाग्यवतींनी आवर्जून इथून नेलेले भडंग बाजूला काढावे लागले, याचे दुःख नातवाला फार झाले. पण भडंग वजनाला हलके आणि जागेला भारी. वाहतूकदार अशा मालाचे भाडे वजनावर नव्हे, आकारमानावर लावतात. त्याऐवजी खाकरे, थेपले, मुगाची डाळ, तांदूळ आणि लाडू घेतले. दूध रोज तिथल्या दुकानातून घ्यायचे ठरले आणि बर्फाची पेटी आपोआप बाद झाली. ३० लिटरचे १८ झाले. चौविहाराची अडचण नव्हती. मे महिन्याच्या शेवटी तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. अंधारात चूल पेटवण्याची गरज नाही, दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यांची हिंसा नाही आणि मोठ्या कंदिलाची जागाही वाचली. शेगडी मात्र तंबूच्या आत कधीही पेटवायची नाही, हे मुलांना बजावून सांगितले. बंद तंबूत साचणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

राहिला वस्त्रांचा रकाना. येथे मी एका गोष्टीवर अडून बसलो. सामान कमी करायचे म्हटले की पहिली कात्री घरातील स्त्रीच्या पिशवीला लागते. पुरुषाची अवजारे 'आवश्यक' ठरतात, मुलांचे खेळ 'त्यांचे बालपण' ठरते आणि तिची शाल 'उगाचच' ठरते. चार दिवस तिनेच सर्वांचे खाणे, पिणे आणि आजार सांभाळायचे असतात, तरीही. म्हणून सहा लिटरच्या एकाच मापाच्या चार पिशव्या आणल्या, प्रत्येकाला एक. पिशवीत काय ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे, दुसऱ्याने त्यावर बोलायचे नाही. नातीने एक स्वेटर कमी करून रंगपेटी घेतली. कन्येने शाल घेतली आणि एक पुस्तकही घेतले. जावयांनी त्यांची कुऱ्हाड घरी ठेवली. थंडीचे जाड कोट अंगावरच घालायचे होते. उघड्या गाडीत ते लागतातच. ४० लिटरचे २४ झाले.

बेरीज केली. तंबू २३, स्लीपिंग बॅगा ३२, गाद्या ९, स्वयंपाक १२, अन्न १८, कपडे २४, किरकोळ १०, रेनकोट ८, चपला ६, आसने ६. एकूण १४८ लिटर. त्यांतील रेनकोट, आसने आणि दोन स्लीपिंग बॅगा मिळून ३० लिटर मुलांच्या पायांपाशी आणि ११८ लिटर डिकीत. मर्यादेच्या आत, दोन लिटर शिल्लक.

रचण्याचा क्रमही महत्त्वाचा. जड वस्तू तळाशी आणि आसनाच्या पाठीला टेकून, मऊ वस्तू कोपऱ्यांत. कडक पेट्या एकही नाहीत. मऊ पिशवी जागेचा आकार घेते, पेटी जागेला आपला आकार घ्यायला लावते. तंबूच्या काठ्या वेगळ्या काढून कडेने आडव्या ठेवल्या आणि त्याचे कापड उरलेल्या खाचेत बसवले. वाणिज्य शाखेत आपण 'शेवटी आत, आधी बाहेर' ही मालमोजणीची पद्धत शिकलो, ती येथे अक्षरशः लागू पडते. मुक्कामी पाऊस असेल तर आधी तंबू हवा, म्हणून तंबू सर्वांत शेवटी आत गेला. आसनांवर किंवा मागच्या फळीवर सुटी वस्तू ठेवायची नाही, कारण उघड्या गाडीत जोराचा ब्रेक लागला की ती माणसाला लागते. पूर्ण भाराच्या वेळी चाकांत हवा किती हवी हे गाडीवरच लिहिलेले असते. ती तेवढी भरली. आणि आदल्या संध्याकाळी सगळे रचून, पडदा ओढून, घराच्या दारातच छत एकदा उघडून पाहिले. ते निर्वेध उघडले. शेजारचे दोन ब्रिटिश वृद्ध टाळ्या वाजवत होते.

तंबूच्या मुक्कामाचा इतिहासही टंचाईतूनच सुरू होतो, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये या छंदाचा जनक मानला जाणारा टॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी होता. सायकलवर नेता येईल एवढेच सामान, हा त्याचा नियम. १९०१ साली त्याने सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना उभारली आणि १९०८ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. ज्या छंदाची सुरुवात सायकलच्या मागे बांधलेल्या एका गाठोड्याने झाली, त्यासाठी आज मोठ्या गाड्याही अपुऱ्या पडतात, यात दोष गाड्यांचा खचित नाही.

आपल्याकडे तर याहून मोठा आदर्श रोज रस्त्याने चालताना दिसतो. विहार करणारे साधू-साध्वी आपली सर्व उपधी स्वतःच्या खांद्यावर वाहतात आणि तिचे नियमित पडिलेहण करतात. प्रत्येक वस्त्र उलगडून, त्यात जीवजंतू नाही हे पाहून मगच घडी घालतात. त्यांच्या त्यागाशी आपल्या सहलीची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण पडिलेहणाची सवय गृहस्थानेही घ्यावी. नातवंडांना तसे शिकवले होते. निघताना तंबूचा कोपरा न् कोपरा झटकायचा. आत शिरलेले किडे, गोगलगायी हळुवार बाहेर सोडायच्या, मगच गुंडाळायचा. ओला तंबू घरी येताच वाळवायचा, नाहीतर त्यावर बुरशी धरते आणि ती काढणे म्हणजे अनंत जीवांची विराधना. ओला तंबू आणि वापरलेले कपडे परतीच्या वेळी फुगतात, जागा अधिक मागतात. सुरुवातीला ठेवलेले पंचवीस टक्के मार्जिन त्या वेळी कामी येते.

हा हिशेब परदेशातला असला तरी आपल्या घराबाहेर उभ्या गाडीलाही तो जशाच्या तसा लागू आहे. आपल्याकडे छत नव्हे, तर सीएनजीची टाकी डिकीतील जागा घेते, एवढाच फरक. कुंभोज बाहुबली, कुंथलगिरी, मांगीतुंगी किंवा पालिताण्याला सहकुटुंब निघताना चार गोष्टी कराव्यात. डिकीचे माप घ्यावे आणि त्यातून पाव भाग वजा करावा. वस्तू मोजपट्टीने मोजून लिहाव्यात. प्रत्येकाला सारख्या मापाची एक पिशवी द्यावी. आणि आदल्या संध्याकाळी एकदा सर्व रचून पाहावे. या चार गोष्टींत तासभर जातो आणि प्रवासातील निम्मी धुसफूस वाचते.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नव्हे, तर वस्तूविषयीच्या आसक्तीवर बेतलेली आहे. त्यामुळे १४८ लिटर सामान नेणारा अपरिग्रही आणि ३८७ लिटर नेणारा परिग्रही, असा सोपा निवाडा करता येत नाही. पण कोणत्या वस्तूविना आपले अडत नाही, हे कळण्यासाठी ती एकदा मागे ठेवून पाहावी लागते. आनंद श्रावकाने हे हजार गाड्या असताना केले. आपल्याकडे एकच गाडी आहे, तेव्हा आपले काम त्याच्यापेक्षा सोपे आहे.

जय जिनेंद्र.